बॅटरीचा रिकॉल निघाला, तर हायब्रिड गाडी आज रात्री कुठे उभी करायची?

गाडीच्या रिकॉलची, म्हणजे दोष आढळल्याने कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची, नोटीस हाती पडली की बहुतेक मालक सर्वांत आधी सर्व्हिस सेंटरची तारीख मागतात. रिकॉल एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा असेल तर ते बरोबरच आहे, कारण तो दोष गाडी रस्त्यावर असतानाच जिवावर उठतो. हायब्रिड गाडीच्या बॅटरीला आग लागण्याच्या शक्यतेमुळे निघालेला रिकॉल मात्र वेगळ्या जातीचा असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्रायस्लर पॅसिफिका या प्लग-इन हायब्रिडच्या २०१७ व २०१८ या वर्षांच्या सुमारे १६,७०० गाड्या परत बोलावण्यात आल्या, तेव्हा आगीच्या १२ घटनांची नोंद झालेली होती, आणि त्या बाराही गाड्या आग लागली तेव्हा बंद करून उभ्या केलेल्या होत्या. दुरुस्तीचा उपाय तयार होईपर्यंत गाडी चार्ज करू नका आणि ती घरापासून व इतर वाहनांपासून दूर, उघड्यावर उभी करा, अशी सूचना मालकांना देण्यात आली.

ही सूचना ज्या घरांसाठी लिहिली गेली त्यांच्यापुढे अंगण असते. मुंबईत हायब्रिड गाडी उभी असते ती चेंबूरच्या एखाद्या सात मजली इमारतीच्या स्टिल्टमध्ये, दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे आरसे दुमडल्याशिवाय दार उघडत नाही अशा जागी. परळच्या टॉवरच्या तिसऱ्या पोडियमवर. किंवा कांदिवलीच्या सोसायटीत स्टॅक पार्किंगच्या वरच्या पॅलेटवर, जिथून ती खाली आणायला वीजपुरवठा आणि वॉचमन दोन्ही लागतात. दुरुस्ती हे कंपनीचे काम आहे आणि ती फुकट होते. नोटीस आणि दुरुस्ती यांच्यामध्ये जे आठवडे किंवा महिने जातात ते मात्र मालकाला आणि त्याच्या इमारतीला निभावावे लागतात. पुढील मार्गदर्शनाचा मोठा भाग त्या काळाविषयी आहे.

आपली गाडी नेमकी कोणत्या प्रकारची

आपल्याकडे ‘हायब्रिड’ हा शब्द तीन निरनिराळ्या यंत्रणांसाठी सरसकट वापरला जातो. ‘स्मार्ट हायब्रिड’ किंवा माइल्ड हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत इंजिनाला हातभार लावण्यापुरती एक छोटी बॅटरी असते आणि गाडी केवळ विजेवर चालत नाही. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, सिटी ई-एचईव्ही, इनोव्हा हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्यांत उच्च दाबाची मोठी बॅटरी असते. ती इंजिन आणि ब्रेक यांच्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेवर आपोआप चार्ज होते. तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा, ज्याला भिंतीवरून चार्जिंग करावे लागते. भारतात हा प्रकार अजून मुख्यतः महागड्या आयात गाड्यांपुरताच आहे.

हा भेद कळला नाही तर रिकॉलच्या सूचनेचा अर्थ लागत नाही. परदेशी नोटिशींतले ‘चार्ज करू नका’ हे वाक्य स्ट्राँग हायब्रिडच्या मालकाच्या उपयोगाचे नाही, कारण त्याची गाडी चालवली की चार्ज होणारच. त्याला कंपनीकडून एवढेच स्पष्ट करून घ्यायचे असते की गाडी चालवायची की नाही. बॅटरीचे रसायनही पाहावे. हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे, तर ग्रँड व्हिटारा, हायरायडर आणि सिटी यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्यांत लिथियम-आयन आहे. निकेल-मेटल हायड्राइडमधील इलेक्ट्रोलाइट पाण्यात विरघळवलेला असतो, तर लिथियम-आयनमधील इलेक्ट्रोलाइट ज्वालाग्राही सेंद्रिय द्रव असतो. त्यामुळे एकीच्या आगीचे वर्तन पाहून दुसरीविषयी निष्कर्ष काढू नये.

दोष कुठे असतो

लिथियम-आयन सेलमध्ये धन आणि ऋण इलेक्ट्रोड यांच्यामध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो, ज्याला सेपरेटर म्हणतात. कारखान्यात तो दुमडला, फाटला किंवा त्यात धातूचा कण शिरला, तर सेल अनेक महिने बिनतक्रार चालूनही एखाद्या दिवशी आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. शॉर्ट झालेला सेल तापतो, तापल्यामुळे त्यातील रासायनिक क्रिया आणखी वेगाने होते, आणि ती उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. तंत्रज्ञ या साखळीला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. एकदा ती सुरू झाली की तिला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही, कारण सेलच्या आतील पदार्थच तापून प्राणवायू सोडतात. आगीवर वाळू टाकून किंवा ओले पोते झाकून ती गुदमरवण्याचा आपला पिढीजात उपाय इथे चालत नाही, तो याच कारणाने.

ऑगस्ट २०२० मध्ये युरोपात फोर्डने कुगा प्लग-इन हायब्रिडच्या सुमारे २०,५०० गाड्या परत बोलावल्या आणि मालकांना चार्जिंग बंद करायला सांगितले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बीएमडब्ल्यूने जगभरातील सुमारे २६,९०० प्लग-इन हायब्रिड गाड्यांसाठी तशीच पावले उचलली, कारण सेल बनवताना त्यांत कण शिरले असण्याची शक्यता होती. भारतातही याचे एक उदाहरण आहे, जरी ते पूर्ण विद्युत गाडीचे असले तरी: डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाईने एप्रिल २०१९ ते ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या ४५६ कोना इलेक्ट्रिक गाड्या बॅटरी यंत्रणेच्या तपासणीसाठी परत बोलावल्या.

तथापि हायब्रिड गाडीतील प्रत्येक आगीचे खापर मोठ्या बॅटरीवर फोडणे चुकीचे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये टोयोटाने जगभरातील दहा लाखांहून अधिक प्रियस व सी-एचआर गाड्या परत बोलावल्या, तेव्हा दोष बॅटरीत नव्हता. पॉवर कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या वायरिंगवर धूळ साचून, गाडीच्या कंपनांमुळे इन्शुलेशन घासले जाऊन शॉर्ट सर्किट होण्याचा धोका होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील २०१३ ते २०१८ या वर्षांच्या सुमारे साडेअठरा लाख आरएव्ही-४ गाड्यांचा रिकॉल तर साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा होता. बदलून बसवलेल्या काही बॅटऱ्यांचा माथा आकाराने लहान असे, क्लँप नीट आवळला गेला नाही तर जोरदार वळणावर बॅटरी सरके, आणि तिचा धन टर्मिनल क्लँपला टेकून शॉर्ट होई. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडून ‘हीच बसते साहेब’ म्हणत बसवून घेतलेल्या बॅटरीचा क्लँप आज बोनेट उघडून हलवून पाहावा, ही सूचना रिकॉल नसलेल्या मालकालाही लागू आहे. नारिंगी रंगाच्या केबलला मात्र हात लावू नये. तो रंग उच्च दाबाच्या वायरिंगची खूण आहे.

रिकॉल आपल्या गाडीला लागू आहे का, हे शोधणे

रिकॉल मॉडेलच्या नावावर निघत नाही, विशिष्ट कालावधीत बनलेल्या विशिष्ट गाड्यांवर निघतो, म्हणून शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला नोटीस आली आणि आपल्याला आली नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही. निर्णायक आहे तो चासी नंबर. तो सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि आरसीवर व विमा पॉलिसीवर छापलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलचे किंवा ‘सर्व्हिस कॅम्पेन’चे जे पान असते तिथे तो टाकून पाहावा, त्यानंतरही अधिकृत सर्व्हिस सेंटरला ईमेल करून, त्या चासी नंबरवर कोणतेही काम प्रलंबित आहे का, हे लेखी विचारावे. फोनवरच्या ‘नाही सर, तुमची गाडी सेफ आहे’ या उत्तराला पुढे कागद म्हणून काहीच किंमत नसते.

नोटीस न पोहोचण्याचे मुंबईतले सर्वांत मोठे कारण पत्ता हे आहे. कंपनी नोंदीतल्या मालकाला आणि नोंदीतल्या पत्त्यावर कळवते. इथे मात्र इमारत पुनर्विकासाला गेलेली असते, कुटुंब तीन वर्षे भाड्याच्या घरात असते, आणि नोंदीतल्या पत्त्यावर सध्या पत्र्याचे कुंपण आणि क्रेन असते. आमच्या सोसायटीतील एका सभासदाला गाडीच्या एका जुन्या कॅम्पेनचे पत्र असेच कधी मिळाले नाही. नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी ॲडव्हायझरने संगणकावर पाहिले म्हणून ते उघड झाले. घर बदलले की परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत पत्ता व मोबाईल क्रमांक बदलून घ्यावा, मग नोंदणी ताडदेवची असो, अंधेरीची, वडाळ्याची की बोरिवलीची. आणि कंपनीच्या ग्राहक नोंदीत तोच बदल वेगळा करावा, कारण एक नोंद बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने हे काम गाडी नावावर झाल्याच्या आठवड्यातच उरकावे.

परदेशातील रिकॉलची बातमी वाचून घाबरण्याचेही कारण नाही आणि ती झटकून टाकण्याचेही नाही. त्याच नावाच्या गाडीत इथे वेगळ्या कारखान्यातले सेल असू शकतात. उत्पादकाला नेमका प्रश्न विचारावा: त्या रिकॉलमधील बॅटरीचा पुरवठादार आणि उत्पादन काळ माझ्या गाडीला लागू होतो का? याच्या उलट, रिकॉलच्या नावाने फोन करून नोंदणी शुल्क किंवा ओटीपी मागणारा माणूस भामटा आहे असे समजावे. सुरक्षा रिकॉलचे पैसे घेतले जात नाहीत.

दुरुस्ती होईपर्यंतची व्यवस्था

नोटिशीत बॅटरीला आग लागण्याचा धोका असा उल्लेख असेल, तर त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. गाडी चालवण्यास मनाई आहे का? बंद जागेत उभी करण्यास मनाई आहे का? आणि दुरुस्तीचे भाग आज उपलब्ध आहेत का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी कंपनीनेच आपल्या यार्डात ठेवून घ्यावी आणि बदली गाडी द्यावी, अशी मागणी करावी. ती मान्य होईलच असे नाही. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि मुंबईत उघडी, मोकळी जागा इमारतीपेक्षा वर्कशॉपकडेच असण्याची शक्यता अधिक असते. गाडी चालवण्यास मनाई असेल तर ती फ्लॅटबेडवरून न्यायला लावावी. पुढची चाके रस्त्यावर टेकलेली असताना दोरीने ओढत नेणे अनेक हायब्रिड गाड्यांना चालत नाही.

गाडी सोसायटीतच राहणार असेल, तर पुढचे पाऊल सेक्रेटरीला पत्र देण्याचे आहे, आणि बहुतेक मालक नेमके तेच टाळतात. कारण समजण्यासारखे आहे: एकदा गोष्ट बाहेर पडली की कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरा वाजता ‘ती बॉम्बगाडी बाहेर काढा’ असे संदेश सुरू होतात. तरीही गप्प राहणे अधिक वाईट, कारण स्टिल्टमधली आग एका गाडीपुरती राहत नाही. पत्रात गाडीचा क्रमांक, रिकॉलचा विषय, कंपनीने सांगितलेली खबरदारी आणि दुरुस्तीची अपेक्षित तारीख एवढेच लिहावे, नोटिशीची प्रत जोडावी आणि ठरावीक मुदतीसाठी पार्किंगची अदलाबदल मागावी. मुदत लिहिलेली असली की शेजारी सभासद जागा सोडायला सहज तयार होतो.

कमिटीने जागा ठरवताना स्टॅक, पझल आणि टॉवर पार्किंग सर्वांत आधी वगळावे. यांत्रिक पार्किंगमध्ये वरच्या पॅलेटवरची गाडी पेटली तर तिच्यापर्यंत पाण्याची धार नेणे अवघड असते, आणि वीज तोडली की पॅलेट हलवताच येत नाही. त्यानंतर तळघर वगळावे, कारण तिथे धूर साचतो आणि बाहेर पडण्याचे मार्ग मोजके असतात. उरलेल्या जागांपैकी जी उघड्या आकाशाखाली, तळमजल्याच्या पातळीवर आणि कंपाउंड वॉलच्या बाजूला आहे ती निवडावी. मात्र मीटर रूम, पंप रूम, जनरेटर, गॅसच्या पाइपलाइनचा चढता भाग, जिन्याचे तोंड आणि पहिल्या मजल्याची खिडकी यांच्याखाली किंवा लगत ती नसावी. अग्निशमन दलाचा बंब आत येऊन वळण्याचा मार्ग अडत नाही ना, हेही पाहावे. संशयित गाडी उघड्यावर ठेवायची म्हणून नेमकी फाटकासमोरच्या त्या पट्ट्यात लावली, की रोगापेक्षा औषध जालीम होते.

अशी जागा ज्या इमारतीत नाही, आणि मुंबईत अशा इमारती हजारो आहेत, तिथे माझ्या मते मालकाने गाडी बाहेरच ठेवावी: महापालिकेच्या उघड्या पे-अँड-पार्कमध्ये किंवा ज्याच्या बंगल्याला आवार आहे अशा नातेवाइकाकडे, त्याला कारण सांगून. दिवसाचे भाडे जाते, रोज रिक्षाने घरी यावे लागते, हे सर्व खरे. पण इमारतीत झोपलेल्या ऐंशी कुटुंबांचा विचार करता ती गैरसोय मालकाने सोसायला हवी असे मला वाटते.

एक जागा सगळेच विसरतात. लोअर परळच्या मॉलमध्ये किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील हॉटेलात किल्ली व्हॅलेच्या हाती दिली की गाडी दोन-तीन तळघरे खाली जाते, आणि ती कुठे आहे हे आपल्याला ठाऊकही नसते. कंपनीने बंद जागेत उभी करण्यास मनाई केली असेल, तर ती कचेरीच्या आणि मॉलच्या तळघरालाही लागू आहे.

वॉचमनला हे सर्व मराठीत किंवा त्याच्या भाषेत समजावून सांगावे, कारण रात्री तीन वाजता जागा असलेला माणूस तोच असतो. गाडीचा क्रमांक, मालकाचा मोबाईल आणि १०१ हा अग्निशमन दलाचा क्रमांक केबिनमध्ये चिकटवलेला असावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. ते प्रमाणपत्र केवळ फाइलमध्ये आहे की हायड्रंटला खरोखर पाणी आहे, हे तपासायला याहून योग्य निमित्त मिळणार नाही.

बॅटरी थंड ठेवणारी हवा अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत घेतली जाते. त्या जाळीवर मुलांचे दप्तर, टॉवेल किंवा बाजाराच्या पिशव्या ठेवू नयेत, आणि फिल्टर असल्यास तो सर्व्हिसिंगच्या वेळी साफ करून घ्यावा. बांधकामांची धूळ उडणाऱ्या आपल्या शहरात तो लवकर भरतो. याने कारखान्यातला दोष बरा होत नाही, पण बॅटरी विनाकारण तापत नाही.

धूर, वास किंवा आवाज आला तर

गाडीच्या खालून पांढरा किंवा करडा धूर, गोडसर अथवा रासायनिक वास, फुटल्यासारखे किंवा फुसफुसण्याचे आवाज, किंवा डॅशबोर्डवर हायब्रिड यंत्रणा तपासा असा इशारा आणि त्यासोबत उष्णता जाणवत असेल, तर चालत्या गाडीत असताना ती शक्य तितक्या मोकळ्या जागी घ्यावी, बंद करावी, सर्वांना उतरवावे आणि किमान पन्नास फूट दूर जावे. सामान काढण्यासाठी डिकी उघडू नये. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असू शकतात, म्हणून वारा धूर जिकडे नेतो त्या बाजूला उभे राहू नये. पूर्व द्रुतगती मार्गावर किंवा अटल सेतूवर असाल तर गाडीच्या मागे रस्त्यात थांबून मोबाईलवर चित्रण करत राहणे हा दुसऱ्या अपघाताला दिलेला आमंत्रणाचा विडा आहे.

१०१ किंवा ११२ वर फोन करताना ‘गाडीला आग’ एवढेच सांगू नये. गाडी हायब्रिड आहे आणि बॅटरीचा धूर आहे, हे पहिल्या वाक्यात सांगावे. अशा आगीला पुष्कळ पाणी बराच वेळ मारावे लागते आणि विझल्यासारखी दिसूनही ती पुन्हा पेटू शकते, त्यामुळे ही माहिती जवानांच्या तयारीत फरक पाडते. गाडीतील एक किलोचा पावडरचा सिलिंडर वायरिंगच्या किंवा सीटच्या छोट्या आगीसाठी ठीक आहे. बॅटरीच्या आगीशी त्याने झुंजत बसू नये.

विझलेली किंवा अपघातात चेपलेली हायब्रिड गाडी लगेच सोसायटीत आणून लावणे ही मोठी चूक ठरते. २०११ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन हायब्रिडची टक्कर-चाचणी घेतली आणि त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, उभ्या असलेल्या त्या गाडीला आग लागली. टकरीत बॅटरीला इजा होऊन शीतक द्रव गळला होता. खालून जबर मार बसलेली गाडी, मग तो मार खड्ड्याचा असो की दुभाजकाचा, वर्कशॉपने बॅटरीचे आवरण तपासेपर्यंत इमारतीपासून दूरच असावी.

पाण्याचेही तसेच आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूअर्क बंदरात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या फिस्कर कर्मा या सोळा हायब्रिड गाड्या जळाल्या, आणि कंपनीच्या तपासात ठपका मोठ्या बॅटरीऐवजी १२ व्होल्टच्या वीजपुरवठ्यावरील एका नियंत्रण युनिटमध्ये मीठ शिरून झालेल्या शॉर्ट सर्किटवर आला. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे इथे सीटपर्यंत पाणी चढलेली गाडी ओसरल्यावर सुरू करून पाहू नये; समुद्राला भरती असताना शिरलेले पाणी असेल तर मुळीच नाही.

वर्कशॉपमध्ये

जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ असे न लिहिता रिकॉलचा क्रमांक किंवा नाव लिहून घ्यावे. काम नेमके काय होणार, हेही विचारावे, कारण ‘रिकॉल केला’ या दोन शब्दांत केवळ सॉफ्टवेअर अपडेटही येतो आणि संपूर्ण बॅटरी बदलणेही येते. सॉफ्टवेअर दोषपूर्ण सेल दुरुस्त करत नाही. तो सेल बिघडू लागल्याची चाहूल आधी ओळखणे, एवढेच त्याचे काम. हा भेद जीपच्या उदाहरणात ठळकपणे दिसला. सप्टेंबर २०२४ मध्ये रँग्लर आणि ग्रँड चेरोकी यांच्या ४एक्सई प्लग-इन हायब्रिडच्या जगभरातील सुमारे १ लाख ९४ हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा एकट्या अमेरिकेतील ३ लाख २० हजार गाड्यांचा रिकॉल निघाला, आणि त्यात आधी दुरुस्त झालेल्या गाड्याही होत्या. म्हणून गाडी ताब्यात घेताना मूळ सेल तेच राहिले आहेत का, अपडेटनंतर उघड्यावर उभी करण्याची अट उठली का, ही उत्तरे इनव्हॉइसवर किंवा ईमेलमध्ये घ्यावीत, आणि सहा महिन्यांनी तोच चासी नंबर पुन्हा एकदा तपासावा.

कंपनीने बॅटरी बदलली असेल तर नव्या बॅटरीचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर आपल्याकडे सामान्यतः ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते; बदललेल्या बॅटरीची मुदत कोणत्या तारखेपासून धरली जाणार, हे तेव्हाच विचारलेले बरे.

कंपनी दाद देत नसेल तर

भारतात रिकॉल बराच काळ उत्पादकांच्या मर्जीवर होता. उद्योगाच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छेची आचारसंहिता आणली होती. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला धोका पोहोचवणाऱ्या दोषासाठी केंद्र सरकार उत्पादकाला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम सात वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना लागू होत नाहीत.

मालकाच्या हातात असलेले साधन म्हणजे परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरील रिकॉलचा विभाग. तिथे आपल्या गाडीचा दोष नोंदवता येतो, आणि एखाद्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या की चौकशीचा मार्ग खुला होतो. त्यामुळे मालकांच्या ग्रुपवर शंभर जणांनी हळहळ व्यक्त करण्यापेक्षा त्याच शंभरांनी ही नोंद करणे कायद्याच्या दृष्टीने वजनदार ठरते. जून २०२२ मध्ये वसईत एका विद्युत मोटारीला आग लागली तेव्हा केंद्राने स्वतःहून चौकशी लावली होती, पण प्रत्येक घटनेचे चित्रण देशभर फिरत नाही.

वैयक्तिक भरपाईसाठी वाट वेगळी आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे तोडगा निघाला नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे, त्याहून अधिक व २ कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोगाकडे दाखल होते, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे स्वतंत्र प्रकरण आहे. विम्याच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की केवळ थर्ड पार्टी पॉलिसी स्वतःच्या जळालेल्या गाडीचे पैसे देत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते, जिच्यात आग आणि आपोआप पेट घेणे यांचा समावेश असतो. वायरिंग कापून बाहेरून बसवलेले हॉर्न, दिवे किंवा म्युझिक सिस्टिम असतील, तर दाव्याच्या वेळी सर्वेक्षक सर्वांत आधी त्यांच्याकडेच बोट दाखवेल.

नोटीस, सोसायटीला दिलेले पत्र, जॉब कार्ड, इनव्हॉइस आणि सर्व्हिस सेंटरशी झालेले ईमेल आरसीच्या फाइलमध्येच ठेवावेत, आणि गाडी विकली की ती फाइल नव्या मालकाच्या हाती द्यावी. पुढची नोटीस निघाली तर ती कदाचित आपल्याच जुन्या पत्त्यावर येईल, म्हणून त्याचा फोन क्रमांक आपल्याकडेही असू द्यावा.